जाझचे जुने कृष्णधवल फोटो घरात लावायचे असतील तर

जाझ गायिका बिली हॉलिडेचा फोटो आमच्या हॉलमध्ये लागला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला येणाऱ्या मावशींनी हातातला झाडू तसाच धरून विचारलं, "ताई, या कोण? कधी गेल्या?"

"१९५९ साली," मी म्हटलं.

मावशी हळहळल्या. मग म्हणाल्या, "मग हार नाही घातला?"

चूक त्यांची नव्हती, माझी होती. आपल्याकडे भिंतीवर काळा-पांढरा चेहरा म्हणजे घरातलं गेलेलं माणूस. त्यात मी तो लावला होता दाराच्या वर, तपकिरी पट्टीच्या फ्रेममध्ये, काचेला टेकवून. म्हणजे आजोबा-पणजोबा जसे आणि जिथे असतात, अगदी तिथे.

त्यानंतर ही भिंत धड व्हायला मला दोन वर्षं लागली. एक प्रिंट हिरवट आली, एक काचेला चिकटली, एकीला पावसाळ्यात बुरशी धरली, आणि 'विंटेज' म्हणून घेतलेली एक तर मासिकाचं पान निघाली. एवढी फी भरल्यावर एक गोष्ट कळली. या फोटोंमध्ये आपण पैसे मोजतो ते काळ्या रंगाचे. १९४०च्या दशकातले जाझ क्लब म्हणजे तळघरासारख्या अंधाऱ्या, धुराने भरलेल्या जागा. त्या अंधारातून फ्लॅशच्या उजेडात एक गाल, ट्रम्पेटची कड, सिगरेटचा धूर एवढंच वर येतं. तो काळा राखाडी झाला की उरतं ते वर्तमानपत्राचं कात्रण. फाइल, कागद, काच, भिंत, दिवा, ओल, प्रत्येक टप्प्यावर तो काळा हातातून निसटू शकतो. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत.

हाताशी काय काय हवं

- मोजपट्टी, पाणसळ (मोबाइलमधली चालते, पण खरी घ्या), पेन्सिल, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं
- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं
- नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, जुनी प्रिंट विकत घेणार असाल तरच
- ड्रिल, प्लग, स्क्रू; फ्रेमच्या मागे लावायला रबराच्या किंवा फेल्टच्या टिकल्या
- भाड्याचं घर असेल तर भिंतीला भोक पाडायला मालकाची परवानगी. व्हॉट्सअॅपवर का होईना, पण लेखी
- परदेशातून मूळ प्रिंट मागवणार असाल तर बिल, प्रिंटचं प्रमाणपत्र, आणि कस्टमसाठी कुरिअरवाले मागतात ती केवायसीची कागदपत्रं

१. आधी माणसं ओळखा, मग फोटो निवडा

'जाझ वॉल आर्ट' असं शोधलं की सॅक्सोफोनची सावली, पियानोच्या पट्ट्या आणि पावसात भिजलेला कुठलातरी रस्ता, असले शेकडो फोटो येतात. ते हॉटेलच्या लॉबीला ठेवा. पाहुण्याने "हा कोण?" विचारलं तर दोन मिनिटं सांगता आलं पाहिजे, नाहीतर तो फोटो आणि कॅलेंडर यात फरक काय?

सुरुवातीला तीन फोटो पुरतात. तीनही आपापले वेगवेगळे न घेता त्यांना एक धागा द्या. कुणी एकच गल्ली घेतं: न्यूयॉर्कची फिफ्टी-सेकंड स्ट्रीट. थ्री ड्यूसेस, ऑनिक्स, फेमस डोअर, डाउनबीट हे सगळे क्लब तिथे शेजारी शेजारी होते. कुणी फक्त बास, म्हणजे ते मोठं उभं तंतुवाद्य, वाजवणारे घेतं. मी बायका घेतल्या: बिली हॉलिडे, गायिका एला फिट्झजेराल्ड आणि पियानो वाजवणारी मेरी लू विल्यम्स. मेरी लूचा फोटो तर तिच्या घरातलाच आहे, १९४७चा. तिच्या न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या घरी ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, टॅड डॅमेरॉन, हँक जोन्स, जॅक टीगार्डन अशी वादक मंडळी जमली आहेत. हॉलमध्ये लावायला याहून योग्य फोटो मला सापडला नाही, कारण तोही एका हॉलचाच आहे.

आता हाराचा प्रश्न. समोर बघणारा, छातीपर्यंतचा, स्थिर चेहरा शक्यतो टाळा. गाणारा, वाजवणारा, हसणारा, दुसऱ्याकडे बघणारा माणूस घ्या. एलाचा सप्टेंबर १९४७च्या सुमाराचा एक फोटो आहे. ती गाते आहे आणि बाजूला डिझी गिलेस्पी तिच्याकडे असा काही बघतोय की कुणाचंही लक्ष आधी त्याच्याकडेच जावं. त्याच चौकटीत बास वाजवणारा रे ब्राउन आहे. त्याच वर्षी डिसेंबरात एलाने लग्न केलं ते रे ब्राउनशी. हे सांगितलं की आमच्याकडे येणारे पाहुणे पुन्हा उठून फोटोजवळ जातात. या फोटोला हार घालावा असं कुणाच्या मनात येत नाही.

आणखी एक. घरात गोव्याची किंवा मुंबईची जुनी बँडवाली मंडळी असतील तर न्यूयॉर्कच्या शेजारी त्यांनाही जागा द्या. हळदोण्याचा आंतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणायचे. आपल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्यासाठी तो काम करायचा. 'अलबेला'तल्या (१९५१) गाण्यांचे ट्रम्पेट ऐकताना आपण जाझच ऐकत असतो, फक्त कुणी तसं सांगितलेलं नसतं. असे फोटो बाजारात नसतात, कपाटात असतात. ते मागून आणायचे, नीट स्कॅन करायचे आणि मूळ प्रत त्याच दिवशी परत करायची. परत करायला उशीर केला की पुढचा फोटो मिळत नाही.

२. फोटो घ्यायचा कुठून

नवशिक्यासाठी याचं एकच उत्तर आहे: विल्यम गॉटलिब.

हा मूळचा लिहिणारा माणूस. वॉशिंग्टन पोस्टमध्ये जाझवर सदर लिहायचा. सदरासोबत फोटो हवा होता, पण पेपर फोटोग्राफरचे पैसे द्यायला तयार नव्हता. मग यानेच स्पीड ग्राफिक कॅमेरा घेतला आणि शिकला. फ्लॅशचा बल्ब एकदाच उडायचा आणि तो महाग, त्यामुळे एका कार्यक्रमात दोन-तीनच फोटो. थांबायचं, ऐकायचं, आणि वाजवणारा रंगात आला की दाबायचं. कंजुषीचा एवढा सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. पुढे न्यूयॉर्कला डाउन बीट मासिकासाठी त्याने काम केलं आणि १९४८मध्ये जाझचे फोटो काढणं सोडूनच दिलं.

आपल्या कामाची गोष्ट अशी की त्याचे साधारण १,६०० फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९५मध्ये घेतले, आणि त्याच्याच इच्छेप्रमाणे १६ फेब्रुवारी २०१० पासून ते सगळ्यांसाठी मोकळे झाले. वर सांगितलेला एलाचा, मेरी लूचा, डोकं मागे टाकून गाणाऱ्या बिलीचा, हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउस क्लबच्या दारात उभ्या असलेल्या पियानोवादक थिलोनियस मंकचा, सगळे त्यात आहेत. लायब्ररीच्या संकेतस्थळावर जाऊन त्याचं नाव टाका, फोटोवर जा आणि डाउनलोडच्या यादीतली सगळ्यात मोठी टिफ फाइल घ्या. पैसे लागत नाहीत. प्रत्येक फोटोखाली माणसांची नावं, क्लब आणि अंदाजे महिना दिलेला असतो. तो मजकूर फोटोबरोबरच एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवा, शेवटी लागणार आहे.

इथला सापळा असा की हेच फोटो बाहेर 'दुर्मिळ', 'लिमिटेड' म्हणून चढ्या भावाने विकतात. त्यातले कित्येक गूगलवरून उचललेल्या छोट्या जेपेगवरून काढलेले असतात. फुकट मिळणारी मोठी फाइल सोडून पैसे देऊन छोटी घेण्यासारखं आहे ते.

दुसरा सापळा उलटा. जुना आहे म्हणजे मोकळाच आहे, असं नसतं. फोटोग्राफर आर्ट केनने १२ ऑगस्ट १९५८ला हार्लेममध्ये एका घराच्या पायऱ्यांवर ५७ वादक गोळा करून काढलेला फोटो, हर्मन लेनर्डने काढलेला, धुरात बसलेल्या सॅक्सोफोनवाल्या डेक्स्टर गॉर्डनचा फोटो (१९४८), फ्रान्सिस वुल्फने ब्लू नोट कंपनीच्या रेकॉर्डिंगच्या वेळी काढलेले फोटो, यांचे हक्क सांभाळणारे लोक आहेत. ते हवे असतील तर त्यांच्याकडून प्रिंट विकत घ्या. डाउनलोड करून छापायला दुकानात नेऊ नका. चांगला प्रिंटवाला छापून देत नाही, आणि जो देतो त्याच्या कामाबद्दल मला शंका असते.

३. फाइल उघडून दोन आकडे बघा

पहिला आकडा पिक्सेलचा. इंचाला ३०० पिक्सेल मिळाले तर उत्तम, भिंतीवर लांबून बघायचं असेल तर २००ही चालतात. म्हणजे १६ बाय २० इंचाच्या प्रिंटला ४,८०० बाय ६,००० पिक्सेल असले तर झकास, आणि निदान ३,२०० बाय ४,००० तरी हवेत. त्याहून कमी असतील तर प्रिंट लहान करा. एआयने फोटो 'मोठा' करून घेऊ नका. माझ्या भाच्याने उत्साहाने एक करून दिला होता. ट्रम्पेटवाल्या रॉय एल्ड्रिजच्या कपाळावरच्या सुरकुत्या गेल्या आणि चेहरा मेणाचा झाला. रंग भरून घेण्याबद्दल तर मी बोलतच नाही.

दुसरा आकडा लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा. इथे जवळजवळ सगळे फसतात, मीही फसले. आपल्याकडच्या लॅबचं आवडतं माप १२ बाय १८. ते ३५ मिलिमीटर फिल्मच्या प्रमाणाचं आहे, दोनास तीन. त्या काळचे प्रेसवाले वापरत ती निगेटिव्ह चार बाय पाच इंचाची. ती १२ बाय १८मध्ये पूर्ण भरायला सांगितली की लॅबवाला न विचारता फोटोचा सहावा हिस्सा कापतो. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये ट्रम्पेटचं तोंडच गेलं होतं. तेव्हा ८ बाय १०, १६ बाय २० अशी मापं सांगा, किंवा कागद कुठलाही असू दे, "फोटो पूर्ण ठेवा, भोवती पांढरी कड सोडा" असं लिहून द्या. काही निगेटिव्ह चौकोनी असतात. त्या चौकोनीच छापा.

स्कॅनवर ओरखडे आणि धुळीचे ठिपके असतील. चेहऱ्यावरचे तेवढे काढा, बाकीचे राहू द्या. स्कॅन मुद्दाम जरा फिका ठेवलेला असतो, त्यामुळे काळा थोडा खाली ओढावा लागतो. किती? काळ्या कोटाची घडी दिसेनाशी होण्याच्या आत थांबा.

४. प्रिंट

माझी पहिली प्रिंट दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सुरेख दिसली. घरी आणून दिव्याखाली धरली तर बिलीच्या गालावर शेवाळासारखी हिरवट छटा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या बल्बचा प्रॉब्लेम आहे." तो पूर्ण खोटं बोलत नव्हता. साध्या मशीनवर राखाडी रंग हा निळा, किरमिजी, पिवळा यांच्या मिश्रणातून बनवतात. उजेड बदलला की ते मिश्रण वेगळं दिसतं. उपाय म्हणजे ज्या प्रिंटरमध्ये काळ्याबरोबर एक-दोन राखाडी शायाही वेगळ्या असतात, अशा पिगमेंट शाईच्या प्रिंटरवर छापून घेणं. दुकानात हे शब्द वापरा: "फाइन आर्ट प्रिंट, पिगमेंट इंक, ब्लॅक अँड व्हाइट मोडमध्ये." समोरच्याला हे शब्द कळले नाहीत तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

कागद दोन प्रकारचे बघा. बरायटा कागदाला जरा चमक असते आणि त्यावर काळा सगळ्यात खोल उतरतो. क्लबमधल्या, रात्रीच्या फोटोंना हाच घ्या. सुती मॅट कागद हाताला सुंदर लागतो, पण त्यावर काळा थोडा कोळशासारखा दिसतो. मिंटन्सच्या दारातल्या मंकचा फोटो उजेडातला आहे, त्याला मॅट शोभला. डिजिटल प्रेसवरचा ३०० जीएसएम आर्ट कार्ड स्वस्त पडतो. लग्नपत्रिकेला ठीक आहे.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी फोटोच्या सगळ्यात अंधाऱ्या भागाची चार बाय सहाची चाचणी प्रत मागा. तिचे थोडे पैसे पडतील, ते द्या. ती घरी न्या, जिथे फोटो लागणार त्याच भिंतीला टेपने लावा आणि रात्री तिथला दिवा लावून बघा. पडद्यावर फोटोला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, म्हणून प्रिंट नेहमी अपेक्षेपेक्षा अंधारी येते. चाचणी प्रतीत केस आणि पार्श्वभूमी एकजीव झाली असेल तर मधल्या छटा थोड्या उजळ करून पुन्हा काढा. मला एलासाठी तीन चाचण्या लागल्या.

५. खरी जुनी प्रिंट घ्यायचा मोह झाला तर

ही पायरी सोडून पुढे गेलात तरी भिंत छानच होईल. पण मोह होतोच.

आधी शब्द समजून घ्या. फोटो काढल्यानंतर थोड्याच काळात फोटोग्राफरने किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेली ती 'विंटेज प्रिंट'. त्याच निगेटिव्हवरून त्यानेच खूप वर्षांनी केलेली ती 'लेटर प्रिंट'. तो गेल्यावर वारसांनी काढलेली, शिक्का असलेली ती 'इस्टेट प्रिंट'. किमतीत या तिघींमध्ये आकाशपाताळाचा फरक. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: फोटो कधी काढला ते नको, ही प्रिंट कधी काढली ते सांगा. उत्तर गोलमोल आलं की विषय संपला.

मी हा प्रश्न विचारला नव्हता. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पियानोवादक काउंट बेसीची '१९४०ची विंटेज' प्रिंट घेतली. कागद पिवळसर, कडा मऊ, मी खूश. रविवारी दुपारी खिडकीत बसून भिंग लावलं तर बेसीच्या पांढऱ्या दातांवर सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी. छापखान्यातले ठिपके. कुठल्यातरी मासिकातून कापलेलं पान होतं ते, मागे जाहिरातीचा कागद सोलून काढल्याची खूणही होती. खऱ्या रासायनिक प्रिंटमध्ये भिंगाखाली वाळूसारखे वेडेवाकडे कण दिसतात, ठिपक्यांच्या ओळी दिसत नाहीत.

दुसरी परीक्षा जांभळ्या टॉर्चची. फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं यायला लागली ती १९५०च्या दशकात. १९४७ची म्हणून सांगितलेली प्रिंट अंधारात टॉर्चखाली निळी-पांढरी उजळली, तर ती त्या साली काढलेली नाही. उजळली नाही म्हणून जुनीच, असं मात्र समजू नका. तिसरं लक्षण चांगलं आहे: प्रिंट तिरपी धरल्यावर कडेच्या काळ्या भागावर निळसर चंदेरी झाक दिसते. वर्षानुवर्षांच्या हवेने चांदी पृष्ठभागावर आल्याची ती खूण. ती पुसायला जाऊ नका.

प्रमाणपत्रावर फोटोग्राफरचं नाव, फोटोचं साल, प्रिंटचं साल, कागदाचा प्रकार आणि प्रत क्रमांक असावा. पार्सलवर किंमत कमी दाखवायची सवलत कुणी देऊ केली तर नाही म्हणा. वाटेत काही झालं तर विमाही तेवढ्याच किमतीचा मिळतो.

६. फ्रेम

फ्रेमला प्रिंटपेक्षा जास्त पैसे लागतील, मनाची तयारी ठेवा. पण गल्लीतला फ्रेमवालाही हे काम करू शकतो, फक्त त्याच्या तीन सवयी मोडाव्या लागतात.

पहिली, फोटो काचेला टेकवायची. दमट हवेत प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना वरचा थर काचेवरच राहतो. माझ्या एका फोटोतला पियानो आजही काचेवर आहे. दोहोंमध्ये माउंट हवा: खिडकीसारखा कापलेला जाड बोर्ड, अॅसिड-फ्री, अडीच-तीन इंच रुंद, खालच्या बाजूला अर्धा इंच जास्त. रंग किंचित मलईकडचा. पांढराशुभ्र माउंट शेजारी आला की जुन्या फोटोतला पांढरा मळका दिसतो.

दुसरी, फेव्हिकॉल आणि सेलोटेपची. प्रिंट फक्त वरच्या बाजूने, दोन ठिकाणी, अॅसिड-फ्री कागदी टेपने माउंटच्या मागे टांगायची असते. खाली मोकळी राहिली पाहिजे. पावसाळ्यात कागद फुगतो, त्याला जागा लागते. "ढिली राहील ना ताई" असं फ्रेमवाले म्हणतात. राहू द्या. चाचणी प्रत आधी देऊन त्याच्याकडून बसवून घ्या, म्हणजे मूळ प्रिंटवर प्रयोग होत नाहीत.

तिसरी, चमक नको म्हणून खरखरीत 'नॉन-ग्लेअर' काच बसवायची. प्रिंटपासून माउंटच्या जाडीएवढी लांब गेली की ती सगळा फोटो धुक्यात टाकते. एवढ्या कष्टाने मिळवलेला काळा तिथेच गेला! साधी चांगली काच बसवा आणि फोटो खिडकीसमोर लावू नका. खिशाला परवडत असेल तर म्युझियम ग्लास घ्या, तिच्यात काच असल्याचंच कळत नाही.

पट्टी काळी, अरुंद, साधी. सोनेरी नक्षी गणपतीच्या फोटोला छान दिसते.

७. भिंतीवर

फोटोचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. आपल्याकडे फोटो फार उंच लावतात, दाराच्या चौकटीला समांतर, आणि मग मान वर करून दर्शन घ्यावं लागतं. सोफ्याच्या वर लावत असाल तर पाठीपासून एक वीत सोडा, त्याहून जास्त नको.

फ्रेमच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापा, मास्किंग टेपने भिंतीला लावा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. जाता-येता नजर पडते आणि चूक आपोआप दिसते. मी पाच फोटो लावणार होते. कागद लावल्यावर तीनच बरे वाटले, पुढे त्यातलाही एक बेडरूममध्ये गेला.

भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि खालची रेषा सोडा, तिथून वायर जाते. नव्या टॉवरमधल्या भिंती विटांच्या नसतात, मायवान पद्धतीच्या ओतीव काँक्रीटच्या असतात. तिथे साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, हॅमर ड्रिलच लागतं. सोसायटीच्या दुपारच्या शांततेच्या वेळा पाळा. चिकटपट्टीचे हुक डिस्टेंपरच्या भिंतीवर टिकत नाहीत, रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात, बहुधा मध्यरात्री.

भिंतीच्या रंगाबद्दल माझं मत थोडं आग्रही आहे. पांढऱ्या भिंतीवर काळी फ्रेम उठून दिसते, पण फोटोतला काळा मरतो. एकच भिंत गडद करा, पाटीसारखी करडी किंवा बाटलीसारखी हिरवी. आमच्या घरी यावरून आठवडाभर वाद झाला. रंग लागल्यावर मिटला.

८. दिवा

पिवळसर एलईडी, २,७०० ते ३,००० केल्विन, छतातून साधारण ३० अंशांच्या कोनात पडणारा. पांढऱ्याफेक दिव्याखाली बरायटा कागद निळसर दिसतो. दुपारचं ऊन थेट येत असेल ती भिंत सोडाच. आमची खिडकी पश्चिमेला आहे, तिच्यासमोरच्या भिंतीवर फक्त घड्याळ आहे.

९. पावसाळा

आम्ही ठाण्यात खाडीच्या बाजूला राहतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मिठाची बरणीसुद्धा ओली. पहिल्या वर्षी बाहेरच्या भिंतीवरच्या फोटोत माउंटच्या कडेने करडे ठिपके उमटले, आणि कसर लागून एक कोपरा कुरतडलेला सापडला.

तेव्हा पावसाची झड घेणारी भिंत, बाथरूमच्या पाठीमागची भिंत आणि स्वयंपाकघर वर्ज्य. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळते. मागचा बोर्ड आणि पट्टी यांच्यातली फट कागदी टेपने बंद करा. महिन्यातून एकदा फोटो उतरवून मागे बघा. गावाला जाताना बंद घरात राहणार असतील तर कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत उभे ठेवा. काच उतरवून उन्हात वाळवायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका.

पाणी काय करतं त्याचं मोठं उदाहरण हर्मन लेनर्डचंच. २००५च्या कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच्या घरात पाणी शिरलं आणि सुमारे ८,००० प्रिंट गेल्या. निगेटिव्ह आधीच एका म्युझियमच्या सुरक्षित खोलीत हलवल्या होत्या म्हणून डेक्स्टर गॉर्डनचा धूर आज आपल्याला दिसतो. तुमच्याकडे निगेटिव्ह नाही, पण फाइल आहे. दुरुस्त केलेली टिफ दोन ठिकाणी ठेवा, आणि प्रिंट कुठल्या कागदावर, कुठल्या दुकानात काढली तेही तिच्या नावातच लिहा.

१०. मागच्या बाजूला लिहा, आणि पुसायचं कसं ते सांगा

दुसऱ्या पायरीत उतरवून ठेवलेला मजकूर आता काढा. फ्रेमच्या मागच्या बोर्डवर साध्या पेन्सिलीने लिहा: माणसांची नावं, क्लब, महिना-साल, फोटोग्राफर, आणि खाली प्रिंट काढल्याची तारीख. पेनची शाई ओलीत पसरते. प्रिंटच्या पाठीवर काहीच लिहू नका, दाब दिला की पुढून उठतो.

पुसताना फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारलेलं पाणी ओघळून पट्टीच्या आत जातं आणि माउंट खालून भिजतो. हे मी मावशींना एकदा दाखवलं. बिलीही आता दाराच्या वरून खाली आली आहे, डोळ्यांच्या उंचीवर, हिरव्या भिंतीवर, डोकं मागे टाकून गाणारी. हाराचा विषय पुन्हा निघाला नाही. गुरुवारी काचा पुसायचा वार असतो. त्या दिवशी मावशी जाताना सांगतात, "बिलीबाईंना पुसलंय, ताई. कोरड्या फडक्याने."